बाहेर जाणारी पावलं

आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. पुण्यामुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात त्याच. आमचे लोक विदर्भातून रायपूरला आले तेव्हा पितळेच्या मुखवट्यांबरोबर हे नावही घेऊन आले. पहिल्या दिवशी त्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. येण्याच्या दिवशी फाटकापासून देवघरापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढायची, तबकात मुखवटे घेऊन एकीने त्या पावलांवरून आत यायचं आणि दुसरीने मागून पळीने थाळी बडवायची. सासूबाई होत्या तोवर थाळी अशी वाजायची की गल्लीतली कुत्री पळ काढायची. त्या गेल्या आणि मुखवटे माझ्याकडे आले. थाळीही आली.

ही पावलं मुठीने काढतात. मूठ पिठाच्या पाण्यात बुडवायची, करंगळीकडची बाजू जमिनीवर टेकवायची आणि वर बोटाने पाच टिंबं द्यायची. बाळाचं पाऊल उमटतं. या कामात माझा हात चांगला आहे. मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

माझी मुलगी त्या वर्षी बारा वर्षांची होती. राज्य नवं झालं त्याच्या पुढच्या वर्षी ती जन्मली आणि तिसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी तिला डाउन सिंड्रोम असल्याचं सांगितलं. रडून झाल्यावर ज्याने त्याने एकच धीर दिला, की ही मुलं फार प्रेमळ असतात, गळ्यात पडतात, गाणं लागलं की नाचतात. मी त्या प्रेमाची वाट बघत बसले. माझी पोर कुणाच्या गळ्यात पडली नाही. ती डब्यांची झाकणं फिरवायची, लोकांच्या हाताचा वास घ्यायची आणि कुकरची शिट्टी झाली की कान दाबून भिंतीवर डोकं आपटायची. अडीच वर्षांची असताना तिला चार शब्द येत होते. तिसऱ्या वर्षी तेही गेले. विचारलं की डॉक्टर म्हणायचे, डाउनमध्ये असं असतं, वेळ लागतो.

ती आठ वर्षांची झाल्यावर एका थेरपीवाल्या दीदींनी तिच्याकडे तासभर नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, डाउन आहेच, पण ऑटिझमही आहे. मला आधी रागच आला. एका लेकराला किती नावं लावाल? मग रिक्षात बसल्यावर हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याची लाज वाटली. डाउनच्या मुलांच्या मेळाव्यात बाकीची मुलं स्टेजवर नाचायची आणि ही टेबलाखाली. ऑटिझमच्या वर्गात म्हणाले, हिचा वेग फार कमी आहे, हिला नाही जमायचं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तो आमच्या घरात रोज जेवायचा.

त्याच दीदींनी पावलांची युक्ती दिली. पिवळ्या पुठ्ठ्याची पावलं कापून जमिनीवर चिकटवायची. पावलावर पाय ठेवायचा, पावलं संपली की थांबायचं. हे एवढं वाक्य तिच्या अंगात उतरायला दोन वर्षं लागली. पण उतरलं ते पक्कं. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, दारापासून ऑटोपर्यंत, मी घर पिवळं करून टाकलं. हाक मारली तर ती मान वळवत नाही. रस्त्यावर गाडी येते म्हणजे काय, ते तिला कळत नाही. पण पाऊल दिसलं की तिचा पाय तिथेच पडतो. माझ्या पर्समध्ये चार पुठ्ठ्याची पावलं कायम असतात, मागची उचलून पुढे टाकत न्यायला. आमची बोलीच ती.

हे सगळं मला माहीत होतं. तरी त्या दिवशी सकाळी मी फाटकापासून देवघरापर्यंत पांढरी पावलं काढली आणि माझ्या डोक्यात काही आलं नाही. ती पावलं देवीची, ही पावलं पोरीची. दोन कप्पे वेगळे होते.

मंत्रालय नव्या रायपूरला गेल्याचं ते पहिलंच वर्ष. नवऱ्याची बदली तिकडे झालेली, सुटी मंजूर नव्हती. तिथले रस्ते रुंद, पण बस म्हणाल तर सकाळी एक नेणार आणि संध्याकाळी एक आणणार. त्यामुळे घरात मी, मुलगी आणि भनपुरीहून आलेली धाकटी जाऊ, एवढ्याच. सूर्य मावळायच्या आत महालक्ष्म्या आत घ्यायच्या होत्या.

आदल्या वर्षी थाळीच्या आवाजाने मुलीने डोकं आपटून कपाळ फोडून घेतलं होतं. दुपारी जाऊ हळूच म्हणाली होती, की ताई, या वर्षी थाळी नाही वाजवली तर नाही चालत का? मी म्हटलं, सासूबाईंनी चाळीस वर्षं वाजवली, माझ्या हातून बंद पडायची नाही. मग मी मुलीला दर वर्षीसारखं मागच्या खोलीत बसवलं, पुढ्यात झाकणांचा डबा दिला आणि बाहेरून कडी लावली. कुणी सांगितलं नव्हतं. ही अक्कल माझीच.

पाच वाजता साडी बदलून मी तिला बघायला गेले. कडी तशीच होती. आत झाकणं पसरलेली, पोर नाही आणि मागच्या गल्लीत उघडणारं दार सताड उघडं. त्या दाराला वर बोल्ट आहे. तिचा हात तिथे पोचत नाही.

बोल्ट तू उघडलास का, असं मी जावेला विचारलंही नाही. सरळ म्हटलं, "झालं आता तुझ्या मनासारखं."

ती पातेलं हातात धरून उभी होती. म्हणाली, "मी मागं गेलीच नाही, ताई."

मला ते ऐकायचं नव्हतं. आमच्या गल्लीचं एक टोक मोठ्या रस्त्याला लागतं, दुसरं तळ्याकडे जातं. मुलीला पाणी आवडतं. बादलीत हात घालून ती तासन्‌तास बसते. जावेला मी रस्त्याकडे पिटाळलं आणि स्वतः तळ्याकडे धावले. जाता जाता तिने मागच्या खोलीची कडी पुन्हा ओढली आणि पुढच्या दाराला कुलूप घातलं. घरात देवीचे दागिने उघड्यावर मांडलेले होते. मला तेवढंही सुचलं नव्हतं. फोन हातात होता, पर्स घरातच राहिली.

पळताना मी तिचं नाव घेत होते. कशाला घेत होते कोण जाणे, ती ओ देत नाही. तोंडाला सवय, दुसरं काय. वाटेत भाजीवालीला विचारलं. ती म्हणाली, "नइ देखे हंव, दीदी." इस्त्रीवाल्याला विचारलं. त्याने आधी मुलीने काय घातलंय ते विचारलं आणि मला फ्रॉकचा रंग आठवेना. सकाळी मीच घातला होता. हिरवा की निळा? आई आणि रंग सांगता येत नाही, असं त्याच्या तोंडावर दिसलं, की मलाच तसं वाटलं.

तळ्याच्या पायऱ्यांवर दोन बायका कपडे पिळत होत्या. त्यांनी कुणाला पाहिलं नव्हतं. मी पाण्याकडे पाहत उभी राहिले. काळजाचं पाणी झालं हे मी आयुष्यात शंभरदा म्हटलं असेल, त्याचा अर्थ त्या पायरीवर कळला. पाण्यात काही हलत नव्हतं आणि तेच मला बघवत नव्हतं. नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "निघतो," पण निघायला काही नव्हतं. साडेपाचच्या आधी तिथून बस नाही. तो कुणाची तरी मोटरसायकल शोधायला धावला, ते बुटांचे आवाज फोनमधून येत राहिले.

एक बाई पिळलेला पिळा खांद्यावर टाकत म्हणाली, गाय आली तर घाबरत नाही ना तुमची पोरगी? पलीकडून एक गाय पायऱ्या उतरत होती. आणि गायीवरून मला आठवलं. उद्याच्या नैवेद्याच्या सोळा भाज्यांची सालं निघाली होती. चार वाजता ती टोपली घेऊन मी मागच्या खोलीतून गल्लीत गेले होते, गायीला घालायला. मुलगी झाकणं फिरवत बसली होती. मी परत आले ती दोन्ही हातांत टोपली आणि तोंडात जावेला हाक. खोलीची कडी सवयीने लावली, बोल्ट मात्र लावला नव्हता. चोराच्या उलट्या बोंबा.

तेव्हा कुठे डोकं चालायला लागलं. मी स्वतःला म्हटलं, बाई, ती तिला वाटेल तिकडे जात नाही. ती पावलं असतील तिकडे जाते. मागच्या दारातून बाहेर पडल्यावर तिला काय दिसलं असेल?

गल्लीत आमच्या दारापासून चौथं फाटक एका जुन्या मराठी घराचं. भोसल्यांच्या काळापासून ते लोक इथे आहेत. त्यांच्याही महालक्ष्म्या असतात, त्यांच्याही फाटकातून पावलं आत जातात. मघाशी पळताना मी त्या पावलांवरून गेले होते. चपलेखाली काहीतरी ओलं लागलं, ते मला आत्ता आठवलं. आणि हेही कबूल करते, की मघाशी ते फाटक दिसल्यावर मी मान दुसरीकडे वळवली होती. त्या घरात विचारायचं नव्हतं.

कारण दोन वर्षांपूर्वी त्या घरी हळदीकुंकवाला मी मुलीला नेलं होतं. तिने करंड्यातलं कुंकू मुठीत घेतलं, वास घेतला आणि मूठ उधळली. चार बायकांच्या साड्या लाल झाल्या. तिथल्या काकूंनी, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंनी, सगळ्यांदेखत म्हटलं, "असं लेकरू सवाष्णींत आणत नसतात, बाई." मी अर्धी भरलेली ओटी तिथेच ठेवून निघाले. तेव्हापासून भाजीच्या दुकानात त्या दिसल्या की मी वांगी निरखून बघायची.

तळ्यावरून त्या फाटकापर्यंत मी कशी आले ते आठवत नाही. फाटकाबाहेरची दोन पावलं माझ्याच चपलेने फरफटलेली होती. आतली शाबूत होती, आणि त्यांच्यावर माझ्या मुलीची छोटी, रुंद, अंगठा बाजूला फाकलेली पावलं उमटली होती. तो ठसा मी लाखात ओळखेन.

उंबरठ्याच्या बाहेर पाटावर तबक ठेवलेलं, त्यात दोन्ही मुखवटे. थाळी पालथी घालून ठेवलेली. महालक्ष्म्या दारात थांबल्या होत्या. आत देवघरासमोर, शेवटच्या पावलावर माझी मुलगी उभी होती. निळा फ्रॉक. दोन्ही कान दाबलेले, पण डोकं आपटत नव्हती. तिच्यापासून चार हातांवर भिंतीला टेकून काकू जमिनीवर बसल्या होत्या.

मी दारातच खाली बसले. रडले नाही.

काकूंची सून बोलायला लागली. मुखवटे घेऊन त्या फाटकातून निघणार, तोच ही आत शिरली आणि पुढे चालू लागली. थाळी एकदाच वाजली. हिने कान दाबले तशी काकूंनी सुनेच्या हातची पळी काढून घेतली. मग सून आमच्या मागच्या दारात हाका मारून पुढच्या दारापर्यंत जाऊन आली, तर कुलूप. आमचा नंबर त्यांच्याकडे नव्हता. कसा असेल? मी दोन वर्षं वांगी बघत होते. काकू म्हणाल्या, "तू फाटकासमोरून पयत गेली तवा मी आतून हाक मारली तुले. तू आपली धावतच." काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हा.

आता तिला घरी न्यायचं होतं आणि ती हलणार नव्हती. पावलं संपली की थांबायचं, हे मीच शिकवलेलं. बारा वर्षांचं जड लेकरू. ओढलं तर ती अंग टाकून देते आणि जमिनीवर डोकं आपटते. मागच्या खेपेला ओठाला टाके पडले होते. पुठ्ठ्याची पावलं पर्समध्ये, पर्स कुलपात. त्या घरातलं एकूण एक पाऊल आत तोंड करून होतं. बाहेर जाणारं एकही नव्हतं.

आणि बाहेर जाणारं पाऊल या दिवशी कुणी काढत नाही. शुभअशुभ न मानणारे लोकही काढत नाहीत. लक्ष्मी दारात उभी आणि घरातून बाहेर जाणारी पावलं, हे मी स्वतःच्या घरातही करायला धजले नसते. खिडकीतलं ऊन भिंतीवर वर सरकलं होतं. त्यांचा मुहूर्त चालला होता. मुलीचा श्वास जोरात व्हायला लागला, म्हणजे आता कोणत्याही क्षणी ती सुरू होणार.

मी म्हटलं, "काकू, मला पीठ द्या. पावलं काढावी लागतील. बाहेर जाणारी."

सुनेने सासूकडे पाहिलं. काकूंनी दारातल्या मुखवट्यांकडे पाहिलं, मग मुलीकडे. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, आणि या वेळी मी ओटी टाकून जाऊही शकत नव्हते. जे म्हणतील ते ऐकून घ्यायचं मी ठरवलं. माझ्यासारखीच्या आयुष्यात असे प्रसंग फार नाहीत.

"तुह्ये हात कापून राहिले," त्या म्हणाल्या. "आण ती वाटी इकडे."

त्यांचे गुडघे गेलेले. बसल्या बसल्या त्या सरकल्या, मूठ पिठात बुडवली आणि मुलीच्या पायाशी पहिलं पाऊल काढलं, दाराकडे तोंड करून. त्यावर पाच टिंबं. मग दुसरं. सुनेच्या तोंडून "आई" एवढंच निघालं.

मान वर न करता काकू म्हणाल्या, "लक्ष्मीले कळते, कोण येऊन राहिलं अन्‌ कोण जाऊन राहिलं."

मुलीने खाली पाहिलं. कानावरचा एक हात काढला. मग वळली आणि पाय ठेवला.

म्हातारी पुढे सरकत होती आणि माझी पोर तिच्या मागे एकेक पाऊल टाकत होती. उंबरठ्यावर तबकाला वळसा घालून पावलं काढावी लागली. पायऱ्यांपाशी काकूंचा दम संपला आणि त्यांनी वाटी माझ्या हातात दिली. मला खूप काही म्हणायचं होतं. मी म्हटलं, "येते." त्या म्हणाल्या, "उद्या जेवाले आण तिले. कुमारिका पाहिजेच आमाले." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. राग असा एका संध्याकाळीत जात नाही, माझा तरी.

गल्लीतल्या सिमेंटवर मी वाकून पावलं काढत निघाले. दोन फाटकं ओलांडली आणि वाटीतलं पीठ संपलं. मुलगी थांबली. रस्त्याकडून मोटरसायकलचा आवाज आला आणि तिचे हात पुन्हा कानावर गेले. मी मान वर केली तर रस्त्यावरून परतलेली जाऊ आमच्या मागच्या दारातून येत होती, हातात आमची वाटी, वाकलेली. आमच्या दारापासून ती आमच्याकडे पावलं काढत येत होती, पण प्रत्येक पाऊल घराकडे तोंड करून. उलटं चालत, कंबर मोडून. तिचं शेवटचं पाऊल माझ्या पावलाला येऊन लागलं. मी तिला म्हटलं, "बोल्ट मीच उघडला होता. गायीला सालं घालताना." ती म्हणाली, "हव, ताई. आधी घरी चला." एवढ्यावर तिने मला सोडलं. मी तिच्या जागी असते तर सोडलं नसतं.

मोटरसायकल नवऱ्याची. कुणाची तरी मागून आणलेली. त्याने ती गल्लीच्या तोंडाशीच बंद केली आणि हेल्मेट न काढता तो भिंतीला हात लावून उभा राहिला, आम्ही दारात शिरेपर्यंत.

मागच्या दारातून ती आत आली, पिवळ्या पावलांवरून मागची खोली ओलांडली, दुपारी कडी लावलेलं दार मी उघडून धरलं. देवघरासमोर माझी सकाळची पावलं होती. ती त्यांवर गेली आणि शेवटच्या पावलावर जाऊन उभी राहिली, बरोबर जिथे महालक्ष्म्या बसायच्या होत्या तिथे. बाहेर अजून उजेड होता. जावेने मुखवटे उचलले. थाळी मी उचलली नाही. ती दारामागे उभी करून ठेवली.

आता मुलीला बाजूला करायचं होतं. जाऊ माझ्याकडे बघत थांबली. मी सकाळपासून सगळ्यांसाठी पाट मांडले होते. मोठ्या महालक्ष्मीसाठी, धाकटीसाठी, त्यांच्या दोन बाळांसाठी, उद्याच्या सवाष्णींसाठीसुद्धा भिंतीशी रचून ठेवले होते. एक बारका पाट मी तिथून काढला, महालक्ष्म्यांच्या डावीकडे ठेवला आणि मुलीच्या पायापासून त्या पाटापर्यंत तीन पावलं काढली.

ती गेली आणि बसली. तिला कुठे बसवायचं, हा प्रश्न बारा वर्षांत मला दर महालक्ष्म्यांना पडला होता, आणि दर वेळी मी कडीच लावली होती.